सीताबर्डीची लढाई खेळात उतरवताना बंदूक भरायला किती वेळ लावावा?

महालवासी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही चार मित्र नागपुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत आणि वर्षाच्या प्रकल्पासाठी नागपूरकर भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातल्या सीताबर्डीच्या लढाईवर एक छोटा शूटर, म्हणजे गोळीबाराचा संगणक खेळ तयार करीत आहोत. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंतचा काळ, दोन टेकड्या आणि त्यांच्यामधला सखल भाग एवढीच जागा, आणि खेळाडूच्या हातात एक ठासणीची बंदूक, असा त्याचा आवाका आहे. २६ जानेवारीला किल्ला लोकांसाठी उघडतो, तेव्हा आम्ही चौघेही वर जाऊन उतारांची छायाचित्रे काढून आलो आणि त्यांवरून टेकड्यांचा चढ बसवला.

अडचण बंदुकीपाशी आली. कंपनीच्या शिपायाची चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने पेट घेणारी) बंदूक भरण्याचा क्रम आम्ही वाचला तसाच ठेवला. काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, चिमूटभर दारू रंजकाच्या वाटीत टाकून झाकण लावायचे, उरलेली दारू आणि शिशाची गोळी नळीत सोडायची, गज काढून ठासायचे, गज परत जागेवर सरकवायचा आणि घोडा पूर्ण मागे ओढायचा. कसलेला शिपाई मिनिटाला साधारण तीन बार काढी, म्हणून आम्ही एका भरणीला वीस सेकंद दिले. शिवाय शंभर पावलांच्या पलीकडे नेम लागण्याची खात्री नाही, कारण नळीला आतून आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) नाहीत. वर्गातल्या मुलांना खेळायला दिले, तेव्हा बहुतेकांनी तिसऱ्या बाराच्या आतच खेळ सोडला. एकाने सांगितले की त्याचा सगळा वेळ पडद्यावरचे हात बघण्यात जातो आणि मध्येच कोणीतरी येऊन त्याला मारून जातो.

आमच्यातल्या एकाचे म्हणणे आहे की भरणी पाच सेकंदांची करावी, नेम सुधारावा आणि वास्तवता गणवेशात, बंदुकीच्या कुंद्यात आणि टेकडीच्या दगडांत दाखवावी. गणवेशावर त्याने दोन महिने घालवले आहेत आणि काम खरोखर उत्तम झाले आहे. मला मात्र वाटते की पाच सेकंदांत भरणारी बंदूक १८१७ ची उरतच नाही, ती आजच्या बंदुकीला चढवलेला जुना अंगरखा होते. आमच्यात यावरून खरोखरीचे भांडण झाले आहे. ऐतिहासिक युद्धखेळात वास्तवता नेमकी कशात असते आणि आमच्यापुढच्या या अडचणीतून वाट कशी काढावी, हे जाणकारांनी सांगावे.

धरमपेठचा जुना खेळाडू

वीस सेकंद कमी करू नका. मुले उठून गेली याचे कारण, माझ्या मते, त्या वीस सेकंदांत ती एकटी होती. ठासणीची चकमकीची बंदूक ही मैदानी लढाईत एकट्याने वापरायची वस्तूच नव्हती. एक रांग बार काढते तेव्हा दुसरी भरत असते आणि भरणाऱ्याचा जीव शेजाऱ्याच्या बंदुकीवर सोपवलेला असतो. तुम्ही बंदूक १८१७ ची घेतली आणि खेळाडूला मात्र आजच्या शूटरमधल्यासारखे एकटे फिरायला सोडले, तेव्हा ती बंदूक निकामीच वाटणार.

'वॉर ऑफ राइट्स' हा अमेरिकी यादवी युद्धावरचा खेळ अवश्य पाहा. त्यातही बंदूक नळीच्या तोंडातूनच भरावी लागते आणि ते भरणे तुमच्याइतकेच सावकाश चालते, तरी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात. कारण त्या खेळाचा हिशेबच तसा ठेवला आहे. रांगेत असताना पडलेला माणूस आपल्या बाजूला जेवढा महाग पडतो, त्याहून रांग सोडून भटकताना पडलेला माणूस अधिक महाग पडतो. एवढ्या एका नियमाने खेळाडू आपोआप शिपायासारखा वागू लागतो. नेपोलियनच्या काळातल्या 'होल्डफास्ट'मध्ये तर काही खेळाडू बंदूक न घेता नगारा किंवा बासरी घेऊन रांगेबरोबर चालतात आणि त्यांच्या वाजवण्याने आजूबाजूच्यांना बळ मिळते.

मी २००३ च्या सुमारास बर्डीवरच्या एका कॅफेत तासाचे पैसे भरून 'मेडल ऑफ ऑनर' आणि 'कॉल ऑफ ड्यूटी' खेळायला लागलो. तेव्हा जखमी झालो की जमिनीवर पडलेली औषधाची पेटी शोधावी लागे. २००५ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी २'ने ती पेटीही काढून टाकली. भिंतीआड थोडा वेळ थांबले की जखम आपोआप भरून येई. गंमत अशी की त्या काळी आम्ही मित्र बंदुकीच्या आवाजावरून आणि मॅगझिनमधल्या गोळ्यांच्या संख्येवरून हिरिरीने वाद घालत असू, पण गोळी लागलेला माणूस दहा सेकंदांत बरा कसा होतो, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. तुमच्या मित्राने गणवेशावर घेतलेल्या मेहनतीचा मला आदर आहे, पण वास्तवतेची तपासणी आपण बहुधा चुकीच्या जागी करतो, हे मी त्या दिवसांवरून सांगतो.

माझे मत बदलले ते २००६ च्या 'रेड ऑर्केस्ट्रा'मुळे. त्यात पडद्यावर गोळ्यांचा आकडा नसतो. मॅगझिन बदलताना ते जड वाटते की हलके, एवढेच कळते. बोल्टची, म्हणजे दर गोळीला हाताने खिट्टी ओढून भरायची रायफल असेल तर एक गोळी झाडल्यावर बोल्ट आपणच वेगळा ओढायचा असतो. पहिल्या दिवशी मी पडक्या घराच्या खिडकीआड मोसिन रायफल घेऊन बसलो होतो. समोरच्या अंगणातून एक जण धावत आला, मी गोळी झाडली, ती चुकली, घाईने पुन्हा चाप दाबला, पण गोळी सुटली नाही, कारण बोल्ट ओढायचा राहिला होता. तो खिडकीपर्यंत पोहोचला तेव्हा माझा बोल्ट अजून ओढून झाला नव्हता. त्या रायफलचे चित्र आजच्या मानाने अगदी ओबडधोबड होते, तरी ती खरी वाटली ती तेव्हा.

उलट उदाहरण २०१६ च्या 'बॅटलफील्ड १'चे. त्यातल्या बंदुका दिसायला अप्रतिम आहेत, पण पहिल्या महायुद्धातल्या पायदळाचा मुख्य आधार असलेली बोल्टची रायफल तिथे अनेक हत्यारांपैकी एक होऊन बसते आणि प्रायोगिक अवस्थेपलीकडे न गेलेली हेलरीगेलसारखी स्वयंचलित बंदूक घेऊन माणसे धावताना दिसतात. तरीही त्याच खेळाची सुरुवात मी विसरू शकत नाही. तिथे तुम्ही लढता, पडता, पडद्यावर त्या सैनिकाचे नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षे उमटतात, आणि खेळ तुम्हाला लगेच दुसऱ्या सैनिकाच्या अंगात नेऊन ठेवतो, तोही पडतो. ती काही मिनिटे त्या युद्धाबद्दल जे सांगतात, ते पुढचे तासन्‌तासांचे धावणे सांगत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारा: यामुळे खेळाडूला काही वेगळे करावे लागते का? अंगरख्याच्या गुंडीमुळे लागत नाही, वीस सेकंदांमुळे लागते. खेळाडूला रांग द्या, शेजारी द्या, आणि दारूचा धूर मात्र सढळ हाताने द्या, कारण काळ्या दारूच्या चार बारांनंतर समोरचे काही दिसत नसे. बार लागला की नाही, हेही सांगू नका. 'हेल लेट लूज'मध्ये पन्नास विरुद्ध पन्नास माणसे लढतात, पण तुम्ही कोणाला मारले याची सूचना पडद्यावर येत नाही आणि खेळाडूच्या वागण्यात त्याने मोठा फरक पडतो.

कामठी निवृत्त

मी पायदळातून निवृत्त झालो आहे. नातवाबरोबर हे खेळ पाहतो, कधी त्याच्या आग्रहाने खेळतोही. वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, परंतु एक गोष्ट त्यात राहिली, ती म्हणजे शत्रू कुठे आहे हे न कळणे.

बहुतेक खेळांत आपल्याला गोळी लागली की पडद्याच्या कडेला लाल कमान उमटते आणि गोळी कोणत्या दिशेने आली ते दाखवते. आम्हाला शिकवत असत ते याच्या अगदी उलट आहे. रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगाने येते, त्यामुळे ती डोक्यावरून जाताना आधी फटकन आवाज होतो, आणि बंदुकीचा दबका ठोका त्याच्यामागून येतो. पहिला आवाज आपल्याला फसवतो, कारण तो गोळी जिथून गेली तिथला असतो. मारणारा कुठे आहे हे दुसऱ्या आवाजावरून कळते, आणि दोहोंमधल्या अंतरावरून तो किती दूर आहे याचा अदमास घ्यायचा असतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, हे ध्यानात ठेवून जवान हा अदमास शिकतो, आणि तो शिकायला महिने लागतात. तुमच्या खेळातून ती लाल कमान पहिल्यांदा काढा.

तुमची लढाई तर रात्रीची आहे. भोसल्यांच्या बाजूने लढणाऱ्या अरबांकडे तोड्याच्या बंदुका होत्या. तोड्याच्या बंदुकीला पेटती जामगी, म्हणजे जळती वात लागते, आणि तिचा निखारा अंधारात दिसतो. टेकडीवरच्या शिपायाला उतारावर हलणारे लाल ठिपके दिसत असतील. ठिपका दिसला म्हणजे तिथे माणूस आहे, आणि ठिपका एकाएकी दिसेनासा झाला म्हणजे त्याने तो हाताआड धरला आहे किंवा तो झोपडीमागे गेला आहे. शिपायाच्या चकमकीच्या बंदुकीला निखारा नाही, पण बार काढताच रंजकाचा भडका त्याच्याच तोंडासमोर होतो, त्याची जागा उघडी पडते आणि त्याचे डोळेही क्षणभर दिपतात. हे एवढे जरी तुम्ही नीट दाखवले, तरी खेळाडू बार काढण्यापूर्वी दोनदा विचार करील, आणि खऱ्या शिपायालाही तो करावा लागतो.

आता वीस सेकंदांबद्दल. हत्यार भरणे-उतरवणे आमच्याकडून इतके घोटून घेतात की नव्या जवानाला ते निरर्थक वाटते. घोटून घेण्याचे कारण असे की गोळ्या येऊ लागल्या की माणसाचे हात त्याचे राहत नाहीत. १८६३ मध्ये अमेरिकेत गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानावरून सुमारे २७ हजार बंदुका गोळा झाल्या. त्यांतल्या बहुतेक भरलेल्याच होत्या आणि हजारो बंदुकांत एकावर एक दोन किंवा अधिक बार ठासलेले होते. म्हणजे माणसे भरत होती, बार निघाला नाही हे त्यांना कळत नव्हते, आणि ती पुन्हा भरत होती. त्या काळी घाईत गज नळीतच विसरून तो गोळीबरोबर उडवून देणारेही असत, आणि गज गेला की ती बंदूक काठीच्या लायकीची राही.

तुमचे खेळाडू पडद्यावरचे हात नुसते बघत बसतात, ही खरी उणीव आहे. ते हात खेळाडूच्या ताब्यात द्या. प्रत्येक कृतीला वेगळी कळ ठेवा. निवांत असताना त्याला ते वीस सेकंदांत जमेल. समोरून माणसे येऊ लागली की तो गडबडेल, रंजक टाकायला विसरेल, अर्धवट ठाशील. त्याला चूक करू द्या आणि चुकीचे फळही मिळू द्या. भीती चित्रात दाखवता येत नाही, ती हातात येते, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक बारीकशी गोष्ट. काडतूस दातांनी फाडताना दारू तोंडात जाते, आणि तीत सोरा असल्यामुळे तहान फार लागते. रात्रभर बार काढणाऱ्या शिपायाला पाण्याची पखाल कुठे आहे हे ठाऊक असायला हवे.

महालवासी

काका, आणि धरमपेठच्या दादांनाही, मनापासून आभार. प्रत्येक कृतीला वेगळी कळ देण्याचा विचार आमच्या मनात आलाच नव्हता. एक शंका उरते. खेळाडू कोणत्या बाजूने लढेल, हे आम्ही अजून ठरवलेले नाही. नागपूरची मुले भोसल्यांच्याच बाजूने खेळू पाहतील, असे सर्वांना वाटते. पण रांग, शिस्त, काडतूस हे सगळे तर कंपनीच्या शिपायाचे आहे.

मोडी वाचक

मी इतिहास शिकवतो, म्हणून या शंकेपुरते लिहितो. टेकडीवर कंपनीचे जे शिपाई होते, ते मुख्यतः मद्रासच्या २० व्या आणि २४ व्या देशी पलटणींचे होते, सोबत बंगालच्या घोडदळाच्या तीन तुकड्या होत्या, आणि सगळे मिळून ही फौज दीड हजारांच्या आतबाहेर होती. समोर आप्पासाहेब भोसल्यांची कित्येक पटींनी मोठी फौज होती, आणि तिच्यात चढाईला सर्वांत पुढे असलेले पायदळ अरबांचे होते. म्हणजे या टेकडीवर तमिळ आणि तेलुगू बोलणारा शिपाई अरबी बोलणाऱ्या शिपायावर बार काढत होता, आणि दोघेही घरापासून शेकडो कोस दूर पगारावर उभे होते. 'आपली बाजू' आणि 'परकी बाजू' अशी जी सोपी विभागणी शूटर खेळाला लागते, ती इथे बसत नाही. ती ओढूनताणून बसवली, तर गणवेश कितीही अचूक असला तरी लढाई खोटी होईल.

२४ व्या पलटणीची हकिकत तर तुम्ही अवश्य घ्यावी. ही मुळात मद्रासच्या पहिल्या पलटणीची तुकडी. १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांनी उठाव केला, त्यात तिचा हात होता, म्हणून तिचे जुने नाव आणि क्रमांक पुसून टाकण्यात आले आणि तिला २४ वा क्रमांक मिळाला. सीताबर्डीनंतर त्या शिपायांनी बक्षीस म्हणून आपला जुना क्रमांक परत मागितला आणि तो त्यांना मिळाला. अकरा वर्षांपूर्वी ज्या सरकारविरुद्ध आपल्या पलटणीने शस्त्र उचलले, त्याच सरकारसाठी आज रात्रभर टेकडी धरायची, हे त्या माणसाच्या मनात कसे राहत असेल, याचा विचार खेळ लिहिणाऱ्याने करायला हवा.

धाकटी टेकडी सांभाळण्याचे काम याच २४ व्या पलटणीकडे होते. ती वस्तीच्या जवळ होती, आणि पायथ्याच्या झोपड्यांचा आडोसा चढाई करणाऱ्यांना मिळत होता. २७ च्या सकाळी तिथल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला, त्या गोंधळात अरबांनी ती टेकडी घेतली आणि तिथून थोरल्या टेकडीवर मारा सुरू केला. नंतर कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानात हल्ला करून तोफा घेतल्या, धाकट्या टेकडीवर अरबांच्या बाजूलाही स्फोट झाला आणि कंपनीच्या पायदळाने संगिनी लावून ती परत घेतली. म्हणजे टेकडी एकदा गेली आणि एकदा आली, आणि दोन्ही वेळा नेमबाजीपेक्षा दारूचा साठा आणि त्यातून उडालेला गोंधळ निर्णायक ठरला. आपल्या गोळीने लढाई फिरते असे शूटर खेळ खेळाडूला सांगत असतो. तुमच्या खेळात खेळाडूने सर्व काही बिनचूक करूनही, मागे काही पावलांवर उडालेल्या स्फोटामुळे त्याला टेकडी सोडावी लागावी, असे मला वाटते.

आणि बाजू एकच ठेवायची सक्ती तुमच्यावर कोणी केली आहे? रात्री थोरल्या टेकडीवर शिपाई, पहाटे झोपडीआड जामगी पेटवून बसलेला अरब, आणि सकाळी पुन्हा शिपाई, असे तीन भाग करता येतील. 'बॅटलफील्ड १'च्या सुरुवातीबद्दल वर जे लिहिले आहे, त्याच वाटेने जाणारे हे आहे. अरबाच्या भागात भरणीचा क्रम वेगळा ठेवा, कारण त्याच्याजवळ चकमक नाही. जामगी विझू न देणे आणि ती दारूपासून दूर ठेवणे, हे त्याचे सततचे काम आहे.

महालवासी

सर्वांना कळवतो की गेल्या पंधरवड्यात आम्ही भरणीच्या सहा कृतींना सहा कळा दिल्या, दिशा दाखवणारी कमान काढली, शेजारी दोन शिपाई उभे केले आणि रात्रीच्या उतारावर जामगीचे ठिपके बसवले. वेळ कुठेही आखून दिलेला नाही. कोणी अठरा सेकंदांत भरतो, कोणी चाळीस घेतो. मोडी वाचक सरांनी सुचवलेले तीन भाग करायला घेतले आहेत आणि पाण्याची पखाल थोरल्या टेकडीच्या मागच्या उतारावर ठेवली आहे.

पाच सेकंदांचा आग्रह धरणारा आमचा मित्र काल रात्री पहिल्यांदा ही आवृत्ती खेळला. पहिले तीन बार त्याने व्यवस्थित भरले. चौथ्या वेळी दोन ठिपके एकाएकी दिसेनासे झाले, शेजारचा शिपाई पडला, आणि मित्राने गज नळीतच ठेवून चाप दाबला. पडद्यावर त्याच्या हातात नुसती लांब बंदूक राहिली. काही वेळ तो काहीच बोलला नाही. मग त्याने त्या पडलेल्या शिपायाकडे सरकून त्याच्या बंदुकीचा गज काढून घेता येईल का, असे विचारले. तशी सोय खेळात नव्हती. आज सकाळपासून तो स्वतः तीच करीत बसला आहे.